यांनी केलेली पेज

"तुमीच का वो ते पेज करनारे?" मासळीवाल्या विमलाबाईनं असं विचारलं तेव्हा मी तिच्या टोपलीपुढे उकिडवा बसून सुके बोंबील बोटानं उलटेपालटे करत होतो, आणि तीस वर्षं प्रुफं तपासून माझ्या चेहऱ्यावर कायमचा येऊन बसलेला आंबटपणा त्या वेळीही तिथे असणार. मला वाटलं, बाईची माणसात चूक होतेय. मीरा रोडच्या या बाजारात मला कोणी ओळखायचं काही कारणच नव्हतं. बाजार हे माझ्या बायकोचं, शैलाचं खातं. आठवड्यापूर्वी जिन्यात तिचा पाय मुरगळला म्हणून तिनं मला धाडलं होतं. म्हणाली, मोरवा गावची विमलाबाई स्टेशनच्या बाजूला बसते, तिला माझं नाव सांगा, बोंबील बाजूला ठेवलेत. केळीवाल्याला 'वो मोरवावाली मछलीबाई किधर बैठती है' असं विचारत विचारत मी कसाबसा तिच्यापर्यंत पोचलो होतो. "कसली पेज?" मी म्हणालो. "आता कसली म्हंजे! शैलाबाईंचे मालक ना तुमी? आमची सून वाचून दावते ना दर महिन्याला. बाईला ताप आला तं तुमी आपल्या हातानं पेज केली, तिला उठू न्हाय दिली. असा दादला आख्ख्या मोरव्यान शोधून न्हाय गावाचा." शेजारच्या कोळंबीवालीनंही मान वर करून मला नीट पाहून घेतलं. विमलाबाईनं कागदात आणखी चार बोंबील टाकले. "हे बाईला न्हाय," ती म्हणाली, "हे तुमाला."

नाही म्हणायला हवं होतं. चूक दिसली की ती दाखवल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. आमच्याच बेव्हर्ली पार्कात तीन फाटकांवर बेवरली, बेव्हर्ली आणि बेवर्ली अशी तीन नावं रंगवलेली आहेत, आणि त्यावरून मी सोसायटीच्या सेक्रेटरीशी वर्षभर अबोला धरला होता. पण विमलाबाईची चूक मी तशीच राहू दिली. पुडी पिशवीत टाकून मी निघालो आणि वाटेत मला जाणवलं, की आपली मान जरा ताठ झाली आहे. कोणी तरी आपल्याला चांगला माणूस म्हणालं, बाजारात, चारचौघींसमोर. घर येईपर्यंत तो ताठपणा उतरला. खरी गोष्ट अशी, की अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात मी गॅस पेटवलेला नाही. पेज दूरच, दूध उतू जाताना दिसलं तर मी शैलाला हाक मारतो.

शैला एका महिला मासिकात पाककृती लिहिते हे मला ठाऊक होतं. अठ्ठ्याऐंशी सालापासून, म्हणजे आम्ही गिरगावच्या खोलीत होतो तेव्हापासून. महिन्यातून एकदा ती चार-पाच कागद लिहून पाकिटात घालायची आणि महिन्याअखेरी अंक यायचा. तो मी वाचला नाही. आठ वर्षांत शहाण्णव अंक आले, एकही नाही. मी शब्दकोश तपासलेत, कायद्याची पुस्तकं तपासलीत, एकदा तर गुरांच्या रोगांवरचा सहाशे पानांचा ग्रंथ स्वल्पविरामासकट वाचलाय; पण हळद, तिखट, मीठ यात वाचायचं काय, असं माझं मत होतं. लग्न होऊन नाशिकला गेलेली आमची मुलगी रुचिता एकदा माहेरी आली असताना अंक मिटून हसत म्हणाली होती, "बाबा, तुम्ही त्यात फार गोड आहात हं." मला वाटलं, या खेपेला कसल्या तरी गोडाच्या पदार्थाचं लिहिलंय. मी "बरं" म्हणालो आणि पुढचा घास घेतला.

त्याच दिवशी त्या लेखांच्या पुस्तकाची प्रुफं घरी आली, हा योगायोग म्हणायचा की काळ साधून आला म्हणायचं, कोण जाणे. पुस्तकाचं नाव 'पानातलं आणि मनातलं'. नाव ऐकून मी नाक मुरडलं होतं. प्रकाशक काशीनाथराव माझे जुने ओळखीचे. मी नोकरीला होतो तो छापखाना बंद पडल्यापासून तेच घरी काम पाठवतात. खिळे जुळवायचे दिवस गेले, आता सगळं संगणकावर, त्यामुळे चुका कमी होतील असं लोकांना वाटलं होतं. त्या वाढल्या, आणि माझी भाकरी त्यावर चालली आहे. काशीनाथराव म्हणाले, "वहिनींच्या पुस्तकाची प्रुफं तुम्हीच बघा, घरच्या घरी होईल." शैलानं गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. "तुमच्याकडे दिलीत बघा," ती म्हणाली. "शुद्धलेखन तेवढं." मी बोंबलांची पुडी तिच्या हाती दिली आणि हात धुऊन गठ्ठा उघडला.

पहिल्या पानावर अर्पणपत्रिका होती. मधोमध एकच शब्द, 'यांना'. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात घास भरवताना शैलानं एकदा 'आत्माराम' म्हटलं, उखाण्यात बसवून, लाजत लाजत, आणि तिथून पुढे तीस वर्षं माझं नाव तिच्या तोंडून गेलं ते गेलंच. मी 'अहो' झालो, 'हे' झालो. रुचिता झाल्यावर 'तिचे बाबा' झालो. तेव्हा 'यांना' म्हणजे मलाच. लाल पेनाचं टोपण काढून मी पुढचं पान घेतलं, आणि पुढच्या पानापासून त्या पुस्तकात एक माणूस राहायला आला.

त्याला शैला 'हे' म्हणत होती. हे शेवळांच्या भाजीत घालायची काकडं शोधत उन्हातान्हात भाईंदरभर फिरले, कारण काकडांशिवाय शेवळं घशाला खाजतात. हे पहिल्यांदा खापरोळ्या खाताना डोळे मिटून म्हणाले, 'शैला, तुझ्या आईच्या हाताला माझा नमस्कार सांग.' रुचिताची परीक्षा होती तेव्हा हे पहाटे उठून तिच्यासाठी लाडवाचा डबा काढून ठेवायचे. हे जेवून उठताना रोज काही तरी एक बरं बोलायचे, आणि काही सुचलं नाही तर म्हणायचे, 'आज भात छान मोकळा झालाय.' प्रत्येक कृतीच्या आधी अर्धं पान, एक पान ही अशी हकिकत, मग 'साहित्य', मग 'कृती'. भाषा साधी, कुठे लाडीकपणा नाही. मी ऱ्हस्वदीर्घ नीट करत गेलो. तिसाव्या पानाशी माझ्या लक्षात आलं, की मी त्या माणसाची वाट बघतोय. तो आला की मजकूर उजळायचा. त्याला कोणी वाकडं बोलावं असं त्यात काहीच नव्हतं, आणि म्हणूनच मला त्याचा राग आला. मत्सर वाटला, सरळ सांगतो. माझ्याच पाटावर बसून, माझ्याच ताटात जेवणाऱ्या माणसाचा मत्सर. शैला माझ्यापासून दोन हातांवर, ओट्याशी एका पायावर भार देत भाकऱ्या थापत होती, तिची पाठ मला दिसत होती, आणि मला विचारावंसं वाटत होतं, कोण गं हा? तेवढ्यात तीच म्हणाली, "सापडल्या का चुका?" मी म्हणालो, "आहेत थोड्या. वेलांट्यांच्या."

पेजेची हकिकत चौऱ्याण्णवाव्या पानावर होती. मी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि मग माझ्या पद्धतीनं, बोट ठेवत एकेक शब्द वाचली. 'ताप एकशेतीनवर गेला होता. पेज यांनी केली. दिवे गेले होते. मी एक घास घेतला आणि म्हटलं, मीठ कमी आहे. हे उठले. भिंतीला धरत धरत आत गेले, मिठाची बरणी घेऊन आले, ती माझ्यापुढे ठेवून परत गेले आणि न जेवता पडून राहिले. मला वाईट वाटलं. मी काही बोलले नाही.' खाली साहित्य: एक वाटी जुने तांदूळ, सहा वाट्या पाणी, चमचाभर तूप, मीठ. ब्याण्णव सालचा फेब्रुवारी मला आठवत होता. आम्ही गिरगाव सोडून नुकते इथे आलो होतो, अर्धी इमारत रिकामी, शेजारच्या प्लॉटवर पायासाठी खणलेले खड्डे पाण्यानं भरलेले, आणि डासांनी मीरा रोडला घरटी एक मलेरिया वाटलेला. शैला दोन गोधड्यांखाली होती. मी सकाळी छापखान्यात गेलो, संध्याकाळी आलो. टेबलावर पातेलं झाकलेलं, शेजारी वाटी, चमचा, मेतकुटाची बाटली. मी जेवायला बसलो. पहिला घास घेतला आणि म्हणालो, "मीठ कमी आहे."

दिवे गेलेले नव्हते. हे मला पक्कं आठवतं, कारण मी जेवताना पेपर वाचत होतो. दिवे तिनं मागाहून घालवले; नाही तर धडधाकट माणूस आपल्याच घरात भिंतीला धरत धरत का जाईल? आणि नवरा न जेवता पडून का राहील? ताप आलेल्या बाईनं वाटीभर पेज खाल्ली आणि पेज करणारा उपाशी झोपला, हे शहाण्णव अंक वाचणाऱ्या एकाही बाईला खटकलं नाही. मी टेबलावरून उठलो आणि स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीपुढे जाऊन उभा राहिलो. तेव्हा रंग नवा होता. खांद्याच्या उंचीवर एक पिवळट डाग आहे, तळव्याचा, घामाचा, तो मी चार वर्षं येता-जाता पाहिलाय आणि रंगाऱ्याच्या नावानं खडे फोडलेत. त्यावर मी माझा पंजा ठेवला. माझी बोटं पेरभर बाहेर आली. "काय हवंय?" आतून शैलानं विचारलं. "काही नाही," मी म्हणालो, "पाणी." तिनं भाकरी तव्यावर टाकली, लंगडत माठापाशी गेली आणि मला पाणी आणून दिलं. मी ते घेतलं. त्या वेळीसुद्धा मी तिला 'बस, मी घेतो' म्हणालो नाही, हे मला पाणी पिऊन झाल्यावर कळलं.

मग मला ते व्याकरण दिसलं. आयुष्यभर मी ज्याच्या जिवावर पोट भरलं त्या मराठीनं मला असं गाठावं! बाई म्हणते 'मी उठले'. तीच बाई नवऱ्याबद्दल म्हणते 'हे उठले'. मी गेले, हे गेले. मी आले, हे आले. मी पडून राहिले, हे पडून राहिले. क्रियापद जसंच्या तसं, काना नाही की मात्रा नाही. पेज यांनी केली, पेज मी केली. शैलाला काही रचावं लागलं नव्हतं, कल्पना लढवावी लागली नव्हती. तिनं जे जे केलं ते तसंच लिहिलं आणि फक्त एक शब्द बदलला. मी मागची पानं काढली. काकडं शोधत भाईंदरभर ती फिरली होती. संध्याकाळी टाचेला फोड आला म्हणून तेल लावत बसली होती आणि मी म्हणालो होतो, 'एवढं काय अडलं होतं शेवळांवाचून?' लाडवाचा डबा ती काढून ठेवायची. भात मोकळा झालाय, हे तीच म्हणायची, मोठ्यानं, जेवण संपता संपता, जरा थांबून माझ्याकडे बघत, आणि मी म्हणायचो, 'ताक आण.' पुस्तकभर तो माणूस नव्हताच. ती एकटीच होती, दोन्ही पाटांवर बसलेली.

एके काळी असं नव्हतं, आणि हेच मला जास्त लागतं. गिरगावच्या खोलीत पहिल्या दोन वर्षांत शैला माझ्यासोबत प्रुफं वाचायची. ती मूळ कागद घेऊन मोठ्यानं वाचणार, विरामचिन्हांसकट, आणि मी छापलेल्यावर खुणा करणार. 'सदर इसमाने स्वल्पविराम घर सोडले पूर्णविराम.' वाचता वाचता तिला हसू यायचं. वाढताना म्हणायची, 'अहो, भात वाढू का प्रश्नचिन्ह,' आणि मी म्हणायचो, 'वाढ उद्गारचिन्ह.' खुणा तिनं माझ्याकडूनच शिकल्या. दोन शब्दांची अदलाबदल करायची तर एकाच्या वरून आणि दुसऱ्याच्या खालून जाणारी नागमोडी रेघ. चुकून खोडलेला शब्द परत हवा असेल तर त्याखाली टिंबांची ओळ आणि समासात 'आहे तसे'. ती टिंबं तिला फार आवडायची, 'रांगोळीसारखी' म्हणायची. मग एकदा कायद्याचं पुस्तक वाचताना तिच्याकडून एक 'नाही' सुटला, मीही तो पाहिला नाही आणि पुस्तक तसंच छापलं गेलं. मालकांनी मला सगळ्यांसमोर झाडलं. मी घरी येऊन तिला म्हणालो, "तुझ्या वाचण्यावर विसंबलो तर नोकरी जाईल माझी. तू आपला स्वयंपाक बघ." चूक माझीच होती, छापलेलं माझ्यापुढे होतं. तिनं ते कागद टेबलावर ठेवले आणि त्या दिवसापासून आपला स्वयंपाक बघितला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी म्हणालो, "शैला, मूळ कागद घेऊन बसतेस का? एकट्यानं ताळा पडत नाही." ताळा चांगला पडत होता. मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. मला वाटलं, वाचता वाचता ती चौऱ्याण्णवाव्या पानाशी येईल, अडखळेल, माझ्याकडे बघेल, आणि मग मला बोलता येईल. पुस्तक छापून येण्याआधी एकदा मला तिला सांगायचं होतं, की मला कळलंय. एकदा छापलं गेलं की तो माणूस कायमचा, मग मी काहीही केलं तरी ते त्याच्याच नावावर जमा. शैला बसली. पायाला आंबेहळदीचा लेप, पाय स्टुलावर, चष्मा नाकावर. तिनं वाचायला सुरुवात केली आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा तो सपाट सूर जसाच्या तसा निघाला. "ताप एकशेतीनवर गेला होता पूर्णविराम पेज यांनी केली पूर्णविराम दिवे गेले होते पूर्णविराम." मी पेन धरून बसलो होतो. खिडकीतून पलीकडे मिठागरं दिसत होती, पांढरे ढीग उन्हात. "हे उठले पूर्णविराम भिंतीला धरत धरत आत गेले स्वल्पविराम." तिचा आवाज हलला नाही. "मला वाईट वाटलं पूर्णविराम मी काही बोलले नाही पूर्णविराम. नवा परिच्छेद. साहित्य." मी म्हणालो, "थांब." ती थांबली. "काय झालं? ताळा पडत नाही का?" तिनं विचारलं. मी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. म्हणालो, "नाही. पडतोय. पुढे वाच." तिनं पुढे वाचलं, तांदूळ, पाणी, तूप, मीठ.

जे तोंडानं जमलं नाही ते मी मला जे येतं त्यातून करायचं ठरवलं. ती दुपारची आडवी झाली तेव्हा मी चौऱ्याण्णवावं पान पुढे घेतलं. 'पेज यांनी केली'मधला 'यांनी' खोडला, समासात 'मी' लिहिलं. 'मी एक घास घेतला' इथे 'यांनी'. 'हे उठले' इथे 'मी'. 'माझ्यापुढे' इथे 'यांच्यापुढे'. 'दिवे गेले होते' पूर्ण काढलं. मजकूर आपोआप जागेवर बसत गेला, निखळलेलं हाड बसावं तसा. मग 'मला वाईट वाटलं' या वाक्याशी माझा हात थांबला. तिथे 'मला'च्या जागी 'यांना' घालायचं म्हणजे नवी चूक करायची. मला वाईट वाटलं नव्हतं. मी मीठ घालून पेज संपवली होती आणि पेपरचं पान उलटलं होतं. म्हणजे ते एक वाक्य तिनं उचललेलं नव्हतं, ते तिनं माझ्यासाठी घातलं होतं, पदरचं. गोधड्यांखाली पडून तिनं तेवढी एक आशा केली असेल, की त्या माणसाला बाहेर वाईट वाटत असेल. माझ्या डोळ्यांपुढचं अक्षर फुटलं. मी डोळे पुसले आणि मग 'यांना' लिहिलं. आता ते खरं होतं, चार वर्षं उशिरा का होईना. शेवटच्या वाक्याला फक्त एक अक्षर जास्त लागलं. 'मी काही बोलले नाही', 'हे काही बोलले नाहीत'. तेवढा एक 'त' मी नीट, वळणदार काढला. लेखिकेनं शेवटचं पाहून द्यावं म्हणून गठ्ठा तिच्या बाजूला सरकवला, ते पान वर येईल असा.

दोन दिवस तो गठ्ठा तिथेच होता. मी बाजारात गेलो नाही, फिरायला गेलो नाही. ती कधी वाचेल, वाचून काय म्हणेल याचे मी डोक्यात दहा नमुने जुळवले. एकात ती रडत होती. एकात भांडत होती. भांडली असती तरी मला चाललं असतं. तिसऱ्या दिवशी आंघोळीहून आलो तर गठ्ठा दोरीनं बांधून माझ्या टेबलावर परत ठेवलेला. मी दोरी सोडली. वाणसामानाची यादी लिहायच्या निळ्या बॉलपेननं तिनं काम केलं होतं. मी खोडलेल्या प्रत्येक शब्दाखाली टिंबांची ओळ. 'यांनी'खाली टिंबं, 'हे'खाली टिंबं, 'दिवे गेले होते'खाली लांबलचक टिंबं, आणि समासात प्रत्येक वेळी, न कंटाळता, 'आहे तसे', 'आहे तसे', 'आहे तसे'. 'मला वाईट वाटलं'खालीसुद्धा. माझा 'त' तिनं एका उभ्या रेघेनं काढून टाकला होता. वेलांट्यांच्या चुका मात्र सगळ्या मान्य केल्या होत्या.

ती तांदूळ निवडत होती. मी पान घेऊन तिच्यापुढे उभा राहिलो. "हे काय?" मी विचारलं. "काय ते?" "मी चूक दुरुस्त केली होती." "चूक नव्हती ती," शैला म्हणाली. "शैला, मला आठवतंय. पेज तू केली होतीस. बरणी तू आणलीस. मला सगळं आठवतंय." मला लाज वाटली, पण मी थांबलो नाही. "मला वाईट वाटतंय गं. खरंच वाटतंय." तिनं ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. रागावली नव्हती. "वाटत असेल," ती म्हणाली. "पण खरं-खोटं मी तुमच्याकडे दिलं नव्हतं. शुद्धलेखन दिलं होतं." "अगं, पण लोक मला विचारतात. तुझी ती विमलाबाई मला म्हणाली, असा दादला शोधून सापडायचा नाही." "मग? चांगलंच म्हणाली ना?" "पण तो मी नाही!" "नाहीच," ती म्हणाली. मग हात थांबवून तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, एखाद्या लहान मुलाला समजवावं तशी. "आठ वर्षं त्याच्या जिवावर मी लिहितेय. रोज संध्याकाळी कोणी तरी काही तरी बरं बोललंय मला. आता छापायच्या वेळेला त्याला हात नका लावू." मी म्हणालो, आणि हे म्हणताना मी भीक मागत होतो हे मला ठाऊक होतं, "पण 'हे' म्हणजे मीच ना शैला? 'यांना' म्हणून अर्पण केलंयस. नवरा मीच ना तुझा?" "सगळ्या पुस्तकात कुठं तुमचं नाव आहे का? दाखवा," ती म्हणाली. "आत्माराम म्हटलंय का मी कुठं?"

तीस वर्षांनी तिच्या तोंडून माझं नाव ऐकलं. किती स्पष्ट उच्चार होता. एकही अक्षर खाल्लं नाही. ते बोलून तिचं तिलाच काही वाटलं नाही, ती ताट झटकून उठली आणि भिंतीला न धरता आत गेली; पाय बरा झाला होता. मी टेबलाशी आलो. शेवटच्या पानावर प्रुफं तपासणाऱ्यानं छापायला मोकळीक द्यायची असते. 'खुणांप्रमाणे दुरुस्त करून छापावे' असं मी नेहमी लिहितो. त्या दिवशी 'लेखिकेच्या खुणांप्रमाणे छापावे' असं लिहिलं, खाली तारीख घातली, आणि सहीच्या जागी नेहमीच्या सहीऐवजी 'आत्माराम' असं सुटं सुटं लिहिलं; ते पाहून काशीनाथरावांनी मागाहून फोन करून तब्येत विचारली.

पुस्तक दिवाळीच्या आधी आलं आणि बरं चाललं. बाजार मी आता करतो, शैला सांगेल तो. एवढंच काम माझ्या हाती लागलंय आणि तेही तिच्या लक्षात येतं की नाही, सांगता येत नाही. कारण त्या माणसानं हे सगळं आधीच करून ठेवलंय. परवा विमलाबाईनं टोपलीमागून पुस्तक काढून दाखवलं, सुनेनं आणलेलं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. "ते पेजेचं पान वाचला तिनं परत," ती म्हणाली. "पन आता तुमी हायेच समोर, तं तुमच्याच तोंडानं सांगा. कशी करताव?" कोळंबीवाली सरकून जवळ आली. मी पिशवी खाली ठेवली आणि सांगितलं. एक वाटी जुने तांदूळ, सहा वाट्या पाणी, तांदूळ फुटेपर्यंत शिजवायचे, ढवळत राहायचं, उतरवताना चमचाभर तूप. मला सगळं पान पाठ आहे. दोघी माना डोलवत ऐकत होत्या. "आनि मीठ?" विमलाबाई म्हणाली. "मीठ न्हाय सांगलाव." मी तोंड उघडलं. 'मी घालतो' एवढे दोन शब्द बोलायचे होते.

"मीठ हे आणतात," मी म्हणालो.

विमलाबाई हसली ती हसतच सुटली. "हे म्हनं! बायकोची नक्कल करतंय बघ," ती कोळंबीवालीला म्हणाली, आणि तिनं कागदात आणखी चार बोंबील टाकले. मी पुडी घेतली आणि घरी आलो.